डब्यातली पिवळी वायर

आजची गोष्ट माझ्या हॉस्टेलच्या दिवसांतली. सेकंडहँड प्लेस्टेशन ३ घेतला होता, पण पडद्यावरची अक्षरं धूसर दिसायची. मी महिनाभर चष्म्याला दोष दिला.

दोष वायरचा होता. नोव्हेंबर २००६ मध्ये हा कन्सोल आला तो १०८०पी आणि एचडीएमआय पोर्ट घेऊन. पण डब्यात वायर जुनीच, पिवळ्या पिनची कंपोझिट! तिच्यात रंग आणि उजेड एकाच तारेतून जातात, म्हणून कडा पसरट दिसतात. १०८०पीच्या चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल; ४८० ओळींच्या जुन्या चित्रात जेमतेम ३ लाख.

त्याच वर्षी एक्सबॉक्स ३६० वर ‘डेड रायझिंग’ आला. त्यातली बारीक अक्षरं जुन्या टीव्हीवर वाचताच येत नाहीत, अशी ओरड झाली. गेम बनला एचडीसाठी, घरात मात्र जुनेच टीव्ही. म्हणजे मी एकटा नव्हतो!

शेवटी एचडीएमआय केबल आणली, सेटिंगमध्ये टीव्हीला चालणारी सगळी रिझोल्यूशन टिक केली. मग अर्धवट सोडलेला गेम पहिल्यापासून खेळलो. त्यात गोष्ट काय आहे, हे तेव्हा कुठे वाचता आलं.

तुमच्या टीव्हीमागे कुठली वायर आहे? आज जरा वाकून बघाच.