चष्मा लावणाऱ्यांनी हेल्मेट कसे निवडावे?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतील असंख्य नोकरदारांचा दिवस दुचाकीवरून सुरू होतो. कुणी घरापासून रेल्वे स्थानकापर्यंत जातो, कुणी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, तर कुणी नेवाळीमार्गे काटई नाक्याकडे. यांपैकी ज्यांना चष्मा आहे, त्यांची हेल्मेटबाबत एक नेहमीची तक्रार असते. हेल्मेट घातले की चष्मा नाकावर दाबतो, कानशिलाला काडी रुतते आणि पावसात काचेवर वाफ धरते. परिणामी काहीजण चष्मा खिशात ठेवून गाडी चालवतात, तर काही हेल्मेट हातात अडकवून. हे दोन्ही उपाय सारखेच धोकादायक आहेत. योग्य हेल्मेट निवडल्यास यांपैकी कशाचीच गरज उरत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीचालक आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १९४-ड मध्ये दंडाबरोबरच वाहन परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. चष्म्याचाही कायद्याशी संबंध आहे. परवान्यासाठी भरावयाच्या शारीरिक पात्रतेच्या स्वयंघोषणेत, दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरची मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न असतो आणि चष्मा असल्यास तो लावून उत्तर द्यायचे असते. म्हणजेच ज्याची नजर चष्म्यावर अवलंबून आहे, त्याने चष्मा काढून गाडी चालवणे हे त्या घोषणेलाच छेद देणारे आहे.

आयएसआय खूण पारखून घ्या

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीस्वारांसाठी केवळ आयएस ४१५१ या मानकानुसार तयार झालेली, आयएसआय खूण असलेलीच हेल्मेट विकता येतात. तरीही रस्त्याच्या कडेला टांगलेल्या अनेक हेल्मेटांवर खुणेचे नुसते स्टिकर असते. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा या परिसरातला जुना विनोद आहे. पण डोक्याच्या सुरक्षेबाबत नकली माल हा विनोदाचा विषय नव्हे आणि तो केवळ एका शहरापुरता मर्यादितही नाही. खऱ्या खुणेसोबत सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तो टाकला की उत्पादकाचे नाव कळते. दुकानातच उभे राहून ही खातरजमा करावी.

कोणता प्रकार सोयीचा?

चष्मा वापरणाऱ्यांसमोर मुख्यतः तीन पर्याय असतात.

संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट हनुवटीसह सर्वाधिक संरक्षण देते. मात्र चष्मा काढून हेल्मेट घालायचे आणि मग चष्मा आत सरकवायचा, हा क्रम पाळावा लागतो.

पुढचा भाग वर उचलता येणारे, म्हणजेच फ्लिप-अप हेल्मेट चष्मेधारकांना सर्वांत सोयीचे. चष्मा न काढता ते घालता येते. ते तुलनेने जड असते. गाडी चालू असताना पुढचा भाग पूर्ण बंद असला पाहिजे.

उघड्या चेहऱ्याचे, लांब काचेचे हेल्मेट हलके व हवेशीर असते. मात्र हनुवटी आणि जबडा उघडाच राहतो. काटई-बदलापूर रस्त्यासारख्या वेगवान वाहतुकीच्या मार्गावर रोज जाणाऱ्यांनी पहिल्या दोन प्रकारांचाच विचार करावा.

दुकानात काय तपासावे?

भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून डोक्याचा घेर मोजून त्याप्रमाणे आकार घ्यावा. काडी रुतते म्हणून एक आकार मोठे हेल्मेट घेणे ही सर्वांत मोठी चूक. सैल हेल्मेट अपघातात डोक्यावरून निघून जाऊ शकते. त्याऐवजी कानशिलाजवळच्या गादीत चष्म्याच्या काडीसाठी खाच असलेले हेल्मेट शोधावे. अनेक कंपन्या अशी खाच ठेवतात. गालाच्या गाद्या काढता-बदलता येत असतील, तर तेही सोयीचे.

आपला नेहमीचा चष्मा लावूनच हेल्मेट किमान दहा मिनिटे डोक्यावर ठेवावे. कानामागे ठणका जाणवला, तर ते हेल्मेट घेऊ नये. चष्मा आत गेल्यावर तिरका होत नाही ना, हेही पाहावे. प्रोग्रेसिव्ह काचा असणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. चष्मा थोडा वर सरकला, तरी रस्ता काचेच्या वाचनासाठीच्या भागातून दिसू लागतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. शेवटी पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ओढून पाहावे. ते निघता कामा नये.

आतली काळी काच

अलीकडे अनेक हेल्मेटांत बाहेरच्या पारदर्शक काचेच्या आत, खटका सरकवून खाली येणारी काळी काच असते. चष्म्यावर दुसरा गॉगल लावता येत नसल्याने ही सोय चष्मेधारकांच्या विशेष उपयोगाची. आपल्या भागात तर तिचे महत्त्व अधिकच आहे. उल्हासनगरहून बदलापूरकडे जाणारा रस्ता साधारणपणे आग्नेयेकडे जातो. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी तिकडे जाताना उगवता सूर्य आणि उन्हाळ्यात संध्याकाळी परतताना मावळता सूर्य बऱ्याच अंशी समोरच येतो.

ही काच पूर्ण खाली आणल्यावर चष्म्याच्या चौकटीला किंवा नाकाला टेकत नाही ना, हे मात्र दुकानातच पाहावे. ती टेकत असेल, तर खड्ड्यातल्या प्रत्येक धक्क्याला चष्मा हलेल व काचेवर ओरखडे पडतील. अंधार पडताच ही काच वर करावी, आणि बाहेरची काच नेहमी पारदर्शकच घ्यावी. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या चष्म्याच्या काचांवर विसंबू नये. त्या अतिनील किरणांमुळे काळ्या होतात आणि हेल्मेटची पॉलिकार्बोनेट काच हे किरण बऱ्याच अंशी अडवते. पोलराइज्ड चष्म्यातून हेल्मेटच्या काचेवर इंद्रधनुषी पट्टे दिसू शकतात.

वाफ आणि पाऊस

पावसात चष्मेधारकाला दोन काचांच्या चार पृष्ठभागांतून पाहावे लागते. बाहेर थेंब आणि आत श्वासाची वाफ. उष्ण, दमट श्वास गार काचेला लागला की वाफ धरते. त्यावर उपाय म्हणजे हनुवटीजवळचे व कपाळावरचे झरोके उघडे ठेवणे, तसेच काच एक खाच वर ठेवता येईल असे हेल्मेट घेणे. काचेच्या आतून दुसरी पातळ काच बसवण्याची पिनलॉक ही सोय सर्वांत परिणामकारक असते. कारण दोन थरांमध्ये अडकलेली हवा आतला पृष्ठभाग गार होऊ देत नाही. मात्र ती हेल्मेटच्या काचेची वाफ रोखते, चष्म्याची नव्हे. त्यासाठी श्वास खाली वळवणारी नाकाजवळची पट्टी असलेले हेल्मेट घ्यावे आणि चष्म्यावर वाफरोधक द्रव लावावा. काहीच दिसेनासे झाले, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबणे हाच मार्ग.

चष्म्याची आणि काचेची निगा

हेल्मेटसाठी पातळ, सरळ काड्यांची चौकट सोयीची. जाड काड्या किंवा कानामागे खूप वळलेली टोके टाळावीत. भिंगे खनिज काचेची नसावीत, पॉलिकार्बोनेटसारखी सहज न फुटणारी असावीत. हेल्मेटची काच साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन मऊ कापडाने पुसावी. पेट्रोल किंवा थिनर वापरल्यास तिला बारीक तडे जातात. रस्त्यांच्या कामांची धूळ कोरडीच पुसल्याने ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झोत त्या ओरखड्यांत फुटतो. अशी काच वेळीच बदलावी. जोरदार आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी आतला थर्माकोलचा थर दबलेला असतो. ते पुन्हा वापरू नये.

"स्टेशन तर पाच मिनिटांवर आहे" असे म्हणून हेल्मेट घरी ठेवणारे या तिन्ही शहरांत कमी नाहीत. डोके रस्त्यावर आपटण्यास मात्र पाच मिनिटांचा प्रवासही पुरेसा असतो. चष्म्यासह आरामात बसणारे हेल्मेट घेतले, तर ते घरी ठेवण्याचे एक मोठे कारण तरी नाहीसे होईल.