सवलत आणि हक्क

विद्यार्थी-सवलतीत मिळालेलं सॉफ्टवेअर अभ्यासाला वापरता येतं. पण त्यातून जे हाती लागलं, ते छापायचा हक्क कुणाचा? हा वाद युनिक्स या संगणक-प्रणालीइतका जुना आहे.

१९५६च्या न्यायालयीन तडजोडीमुळे अमेरिकेतील एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला दूरसंचाराबाहेरचा धंदा करण्यास मज्जाव होता. तिच्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९पासून युनिक्स घडवली. ती बाजारात विकता येईना, म्हणून विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसह दिली गेली.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७मध्ये विद्यार्थ्यांसाठी तिच्या सहाव्या आवृत्तीवर भाष्य लिहिलं. एका पुस्तिकेत सुमारे ९,००० ओळींचा कोड, दुसरीत त्याचं विवेचन. आख्खी प्रणाली वाचून समजून घेण्याची संधी त्यातून मिळाली.

पण १९७९च्या सातव्या आवृत्तीसोबत परवान्याची अट बदलली. कोड वर्गात शिकवायला बंदी आली. म्हणजे वापरायची मुभा होती, समजावून सांगायची नव्हती. लायन्स यांची पुस्तिकाही परवानाधारकांपुरतीच राहिली. मग झेरॉक्सची झेरॉक्स काढत ती विद्यार्थ्यांच्या हातोहात फिरली. तिचं रीतसर प्रकाशन व्हायला १९९६ साल उजाडलं. दोन वर्षांनी लायन्स वारले.

अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी वेगळी वाट धरली. युनिक्सची एकही ओळ न घेता त्यांनी शिकवण्यासाठी 'मिनिक्स' लिहिली आणि १९८७मध्ये कोडसह पुस्तक छापलं. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स त्यातूनच शिकला. १९९१मध्ये त्याने लिनक्स आणली. तिच्या वाटपासाठी पैसे घ्यायचे नाहीत, अशी अट सुरुवातीला त्यानेही घातली होती. १९९२मध्ये ती काढून त्याने जीपीएल परवाना स्वीकारला. वापरा, बदला, वाटा, हवं तर विका. फक्त पुढच्यालाही तेच हक्क द्या, असा त्याचा आशय.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. सवलत देणाऱ्याच्या गरजेनुसार बदलते. हक्क मात्र लेखी असावा लागतो. आजच्या संशोधकाने 'शैक्षणिक वापर' हे दोन शब्द वाचून थांबू नये. प्रकाशन, निधी घेऊन केलेलं संशोधन आणि पदवीनंतरचा वापर त्यात बसतो का, हे शोधनिबंध लिहायला घेण्यापूर्वीच परवान्यात तपासावं. ज्ञान झेरॉक्सच्या दुकानातून चोरून न्यावं लागणं, ही कोणत्याही विद्यापीठासाठी भूषणाची बाब नाही.