घाट चढण्याआधीचा गिअर

महाडहून निघून पोलादपूर गाठलं की दोन घाट समोर उभे राहतात. सरळ गेलात तर कशेडी, म्हणजे खेडचा रस्ता. डावीकडे वळलात तर आंबेनळी. तो थेट महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. या फाट्यावरून जाताना मला हटकून जुन्या मालट्रकांची आठवण येते.

त्या ट्रकांना गिअर मोजून चार-पाच. सपाटीवर वेग हवा आणि चढावर ताकद हवी. एवढ्या गिअरांत दोन्ही कसं साधायचं? यावर १९३०च्या दशकात अमेरिकेत एक तोडगा रुळला: दोन गतींचा मागचा एक्सल. यात इटन कंपनीचं नाव मोठं. जोसेफ इटन यांनी १९११ मध्ये न्यू जर्सीत व्हिगो टॉर्बेन्सन यांच्याबरोबर ट्रकचे एक्सल बनवायला सुरुवात केली होती. या एक्सलमध्ये क्राउनच्या पोटात छोट्या गिअरांचा आणखी एक संच असतो. तो गुंतवला की तोच गिअर अधिक ताकदीचा होतो आणि चार गिअरांचे आठ होतात.

पण गिअर बदलायचा मागे, आणि ड्रायव्हर बसलेला पुढे! मग कामाला आला व्हॅक्यूम. पेट्रोल इंजिन हवा ओढताना मॅनिफोल्डमध्ये जी पोकळी तयार होते, ती नळीने मागे न्यायची आणि तिच्या ओढीने एक्सलमधला दांडा सरकवायचा. ड्रायव्हरने बटण ओढायचं, ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, की गिअर पडला.

गंमत इथेच आहे. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, आणि नेमका तेव्हाच व्हॅक्यूम जवळजवळ संपतो. पाय उचलला तर व्हॅक्यूम येतो, पण गाडीचा जोर जातो. म्हणून खालचा गिअर घाटाच्या पायथ्याशीच घ्यायचा.

त्याहून मोठा धोका उतारावर. दांडा अर्धवट सरकून मध्येच अडकला तर एक्सल न्यूट्रल होतो. इंजिनाचा रोध गेला. पुष्कळ जुन्या ट्रकांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असे. म्हणजे तोही गेला. उरला फक्त पायातला ब्रेक.

त्यामुळे अशी जुनी गाडी बाहेर काढण्याआधी तपासणी हवीच, आणि ती सोपी आहे. नळीला व्हॅक्यूमचं मीटर लावून काटा टिकतो का बघायचं. मग बाकीच्या चाकांना पक्की उटी लावायची, मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक सोडायचा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. दोनच का? दुसरं चाक थांबलेलं असताना डिफरन्शियलमुळे हे चाक क्राउनच्या दुप्पट फिरतं. एका स्थितीत सहाच्या आसपास आणि दुसऱ्या स्थितीत आठच्या आसपास फेरे आले, तर एक्सल दोन्हीकडे पूर्ण बसतोय. शाफ्ट फिरलाच नाही, तर ती गाडी घाटात न्यायची नाही.

पुढे हे काम विजेची मोटर करू लागली. आपल्याकडे १९५४ पासून टेल्कोचे डिझेल ट्रक आले. बहुतेक डिझेल इंजिनांत असा आयता व्हॅक्यूम मिळतच नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. २०२३ मध्ये तर कशेडीच्या बोगद्यातून गाड्या जाऊ लागल्या.

आंबेनळी मात्र अजून तसाच वळणावळणाचा आहे. यंत्रं बदलली, तरी तिथे चढताना आणि उतरतानाही गिअर आधीच निवडावा लागतो.