फ्यूजनचे गिटारवादक आणि ‘खऱ्या’ जॅझची कसोटी

१/१२
१९८६ साली कॅनडातील व्हँकुव्हरच्या जॅझ महोत्सवात माइल्स डेव्हिस यांचे वादन रंगात आले होते. इतक्यात विन्टन मार्सालिस हा चोवीस वर्षांचा ट्रम्पेटवादक, कोणी बोलावले नसताना, रंगमंचावर चढला. माइल्सनी वाद्यवृंद थांबवला आणि त्याला खाली उतरायला लावले. हा प्रसंग दोन व्यक्तींपुरता नव्हता. जॅझ कशाला म्हणायचे, हा वाद त्यामागे होता.

२/१२
मार्सालिस यांच्या मते जॅझचा पाया स्विंग आणि ब्लूज हाच होता. माइल्सनी १९६९ पासून विद्युत वाद्ये आणि रॉकची लय स्वीकारली होती. त्यातूनच ‘फ्यूजन’ वाढले. या वादात सर्वाधिक संशय गिटारवादकांच्या वाट्याला आला. कर्कश आवाज आणि वेग यांच्या आड ही मंडळी जॅझचे अज्ञान लपवतात, असा आक्षेप घेतला जाई.

३/१२
आक्षेप समजण्यासाठी आधी ‘स्ट्रेट-अहेड’ जॅझची रीत पाहू. प्रारंभी गीताची मूळ धून वाजते. मग त्याच गीताच्या कॉर्डच्या ठरलेल्या क्रमावर एकेक वादक उत्स्फूर्त वादन करतो. हा क्रम म्हणजे एक मोठे आवर्तनच. पुष्कळ गीतांत ते ३२ खंडांचे असते आणि प्रत्येक खंडात चार मात्रा असतात. कॉर्ड बदलली की स्वरांची निवडही बदलावी लागते. आवर्तनातील जागा चुकली, तर जाणकाराला ते तत्काळ कळते.

४/१२
फ्यूजनमध्ये मात्र अनेकदा एकाच कॉर्डवर दीर्घकाळ वादन चालते. तेथील अवघडपणा विषम तालांत, नादाच्या पोतात आणि वेगात असतो. डिस्टॉर्शनमुळे स्वर लांबतो आणि नखीचा आघात झाकला जातो. स्वच्छ आवाजात प्रत्येक आघात उघडा पडतो. म्हणून शंका अगदीच निराधार नव्हती. एका परीक्षेतील यशावरून दुसरीचा निकाल सांगता येत नाही.

५/१२
मात्र विद्युत गिटार जॅझला परकी नव्हती. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हे बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात ॲम्प्लिफायर लावूनच दाखल झाले होते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १९४२ मध्ये, त्यांचे निधन झाले. वेस माँटगोमेरी यांनी ती परंपरा शिखरावर नेली आणि १९६८ मध्ये तेही गेले. फ्यूजनचे गिटारवादक याच वारशाच्या उंबरठ्यावर उभे होते.

६/१२
इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये जन्मलेले जॉन मॅक्लॉफ्लिन १९६९ च्या आरंभी न्यूयॉर्कला पोहोचले, ते ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्या ‘लाइफटाइम’ या गटासाठी. काही दिवसांतच, १८ फेब्रुवारीला, ते माइल्सच्या ‘इन अ सायलेंट वे’च्या ध्वनिमुद्रणात होते. गिटार वाजवता येत नसल्यासारखे वाजव, असे माइल्सनी सुचवल्याचे ते सांगतात. १९७१ मध्ये त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभारला आणि फ्यूजन गिटारची व्याख्याच बदलली.

७/१२
१९७५ च्या सुमारास त्यांनी झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा गट घडवला. कानठळ्या बसवणारा ॲम्प्लिफायर बाजूला ठेवून त्यांनी साध्या गिटारवर तालाचे हिशेब आत्मसात केले. या नात्याचा पुढचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. ‘रिमेंबर शक्ती’च्या डिसेंबर २००० मधील मुंबईच्या मैफली ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ या अल्बममध्ये जतन झाल्या आहेत.

८/१२
आता कसोटीकडे येऊ. १९९५ मध्ये मॅक्लॉफ्लिन यांचा ‘आफ्टर द रेन’ प्रकाशित झाला. त्यात प्रामुख्याने जॉन कोल्ट्रेन यांच्याशी जोडलेल्या रचना आहेत. ऑर्गनवर जोई डीफ्रान्सेस्को आणि ड्रमवर एल्विन जोन्स, म्हणजे कोल्ट्रेनच्या विख्यात चौकडीतील प्रत्यक्ष साथीदार. अशा माणसापुढे केवळ वेगाने निभाव लागत नाही. स्विंग अंगात असावाच लागतो.

९/१२
माइल्सचे पुढचे गिटारवादकही असेच दुहेरी निघाले. जॉन स्कोफील्ड यांनी १९७० च्या दशकात बिली कॉबम यांच्या फ्यूजन गटात आणि चार्ल्स मिंगस यांच्या ध्वनिमुद्रणातही वादन केले होते. १९९० च्या ‘टाइम ऑन माय हँड्स’मध्ये त्यांच्यासोबत जो लोव्हानो, चार्ली हेडन आणि जॅक डीजॉनेट होते. त्याच वर्षी आलेल्या ‘क्वेश्चन अँड आन्सर’मध्ये पॅट मेथेनी यांनी जेरोम कर्न यांचे १९३९ चे ‘ऑल द थिंग्ज यू आर’ वाजवले. पाच स्वरकेंद्रांतून फिरणारे हे ३६ खंडांचे गीत म्हणजे जॅझवादकांची जुनी परीक्षा. ड्रमवर होते रॉय हेन्स, चार्ली पार्करचे एकेकाळचे साथीदार.

१०/१२
ॲलन होल्ड्सवर्थ यांचे उदाहरण वेगळे आहे. नखीचा आघात टाळून डाव्या हाताने स्वर ओघळवण्याची त्यांची शैली बीबॉपच्या रूढ गिटारवादनापासून फार दूरची. १९९६ च्या ‘नन टू सून’मध्ये त्यांनी कोल्ट्रेनची ‘काउंटडाउन’ ही कठीण रचना घेतली. परंपरेची भाषा त्यांनी उसनी घेतली नाही. जुन्या कॉर्डवर ते आपल्याच भाषेत बोलले. ही कसोटी अनुकरणाची नसते, हे त्यातून दिसते.

११/१२
माइक स्टर्न यांनी १९८१ ते १९८३ या काळात माइल्सकडे रॉकच्या धारेची गिटार वाजवली. १९९२ मध्ये मात्र त्यांनी ‘स्टँडर्ड्स’ नावाचाच अल्बम काढला. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील ‘५५ बार’ या चिंचोळ्या जागेत ते वर्षानुवर्षे वाजवत राहिले. २०१६ मध्ये ते रस्त्यात पडले. दोन्ही दंडांची हाडे मोडली आणि उजव्या हाताच्या नसा दुखावल्या. नखी धरणेही अशक्य झाले. शस्त्रक्रियांनंतर ती बोटांना गोंदाने चिकटवून ते पुन्हा उभे राहिले. २०१७ च्या अल्बमचे नाव ‘ट्रिप’. या इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रवास, तसाच ठेचकाळणे.

१२/१२
या वादकांनी जुनी गीते उत्तम वाजवली, म्हणून फ्यूजन हे जॅझच ठरते, असे नाही. तो व्याख्येचा प्रश्न उरतोच. पण ज्याला परंपरा पेलत नाही तोच ती सोडतो, हा समज मात्र टिकत नाही. यांच्यापैकी कोणालाही ती सोडण्याची सक्ती नव्हती. ऐकायचे असेल तर आधी ‘महाविष्णू’चा ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ आणि लगोलग ‘आफ्टर द रेन’ लावावा. दोन्हींत हात एकाच माणसाचे आहेत.