स्पीकरवाल्याच्या रेकॉर्डी

परवा नातू सांगत होता, त्याच्या मित्राच्या पार्टीला आलेल्या डीजेने लॅपटॉप आणलाच नाही, रेकॉर्डींच्या दोन पेट्या आणल्या. त्याला नवल वाटलं. मला मात्र आमचा स्पीकरवाला आठवला.

१९७५ च्या सुमारास डोंबिवलीत लग्न असो, मुंज असो की सत्यनारायण, आधी त्याचा कर्णा बांधला जायचा. त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत नव्या व्हिनाइलच्या रेकॉर्डी असत आणि जुन्या लाखेच्याही. लाखेची पडली की संपली. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात ख्याल बसवायचा म्हणजे गवयाची परीक्षाच! १९०२ मध्ये गैसबर्ग साहेब कलकत्त्याला ध्वनिमुद्रण करायला आले, तेव्हा गौहरजान गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगे. तबकड्या बनायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. लेबल कुणाचं लावायचं ते तिथल्या लोकांना कळावं म्हणून ही युक्ती. १९०८ मध्ये कलकत्त्यालाच कारखाना निघाला आणि ती वारी संपली. असो, विषयांतर झालं. मास्तरकीची खोड!

१९८० नंतर कॅसेटी आल्या. स्वस्त, सुटसुटीत, पडल्या तरी फुटत नाहीत. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी तेव्हा चिटणीस होतो. स्पीकरवाल्याला म्हटलं, "तुम्हीही कॅसेट आणा की." तो म्हणाला, "मास्तर, रेकॉर्डीत गाणं डोळ्यांना दिसतं. कुठे संपतं, कुठे सुरू होतं, सुई बरोब्बर तिथे ठेवता येते. फितीत मी काय चाचपडत बसू?" आणि ते खरंच होतं. एलपीवर दोन गाण्यांमधली गुळगुळीत पट्टी लांबूनही दिसायची. आरती संपायच्या आत पुढचं गाणं तो तयार ठेवायचा; कॅसेटवाल्याची फीत मात्र मागे-पुढे फिरतच राहायची.

तरी त्या वर्षी काम मी कॅसेटवाल्याला दिलं. शंभरेक रुपये वाचले. स्पीकरवाला काही बोलला नाही. मंडळाच्या कपाटात राहिलेली आपली एक लाखेची रेकॉर्डसुद्धा न्यायला आला नाही. पुढे तो गाव सोडून गेला असं कळलं.

१९९० मध्ये मुंबईत रेकॉर्ड संग्राहकांची संस्था निघाली, तेव्हा अशा माणसांच्या ट्रंका कुणाच्या तरी उपयोगी पडल्या असत्या. अमेरिकेत तर २०२२ मध्ये नगांच्या हिशेबात व्हिनाइल सीडीपेक्षा जास्त खपली, १९८७ नंतर पहिल्यांदाच. माझ्या कॅसेटी बुरशी लागून केव्हाच गेल्या.

ती रेकॉर्ड माझ्याकडे आहे. वाजवायला काही नाही. नातवाला म्हटलंय, त्या डीजेला विचार, ७८ चा वेग आहे का त्याच्या यंत्राला? नव्या यंत्रांवर बहुधा ३३ आणि ४५ च असतात. आणि सुई जाड हवी, लाखेची खाच रुंद असते.