हाजी अलीचा ओपनिंग बॅलन्स

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

परवा जॉन्सनव्हिल स्टेशनवरून घरी चालत येताना लेकीने विचारलं, "आई, मुस्लिम बायकांना त्यांच्या धर्मात घराबाहेरचं काही करताच येत नाही ना?" हिची वर्गातली मैत्रीण हिजाब घालते आणि डिबेटमध्ये भल्याभल्यांना गप्प करते. मग हे कुठून आलं? तर आपल्याच एका गेट-टुगेदरमधून. तिथे मीही होते, भजी खात, गप्प.

मी सीए. कुठलंही खातं तपासताना आधी ओपनिंग बॅलन्स बघते. इथेही तेच केलं.

पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा या मक्केतल्या व्यापारी. लग्नाआधी मुहंमद त्यांचाच माल घेऊन सीरियाकडे जात. ६२२ मध्ये अकबा इथे मदिनेच्या सत्तरेक पुरुषांबरोबर दोन बायकांनीही पैगंबरांना वचन दिलं. त्यातल्या नुसैबा पुढे उहुदच्या लढाईत लढल्या. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ६२८ ची, हुदैबियाची. तह झाला, यात्रा न करताच परत जायचं ठरलं, लोक नाराज. कुर्बानी करा, मुंडण करा असं सांगूनही कुणी हलेना. पत्नी उम्म सलमा म्हणाल्या, कुणाशी न बोलता तुम्हीच आधी करा. त्यांनी केलं, आणि सगळे उठले! तहाच्या दिवशी बायकोचा सल्ला चालला, हे परंपरेनेच नोंदवून ठेवलंय.

कुराणात मुलीला वारसाहक्क आहे. भावाच्या निम्मा, हे खरं, ते लपवायचं कारण नाही. पण लग्न झालेल्या बाईची स्वतःची मालमत्ता तिथे सातव्या शतकातच मान्य होती. आपल्या या न्यूझीलंडमध्ये तसा कायदा आला १८८४ ला. आणि आपल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत देशभर मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला तो २००५ ला. तेव्हा जरा जपून बोलूया.

आता मुंबई. वरळीच्या हाजी अली दर्ग्यात आपल्यापैकी कितीजणी लहानपणी आईचा हात धरून गेल्यात! बायका मजारीपर्यंत जात होत्या. २०११-१२ च्या सुमारास ट्रस्टने ते बंद केलं, आणि कारण दिलं धर्माचं. नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण यांनी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. त्यांनी धर्म नाकारला नाही. उलट, हे धर्मात कुठे आहे ते दाखवा, असं विचारलं. ट्रस्टने कुराणातले आणि हदीसमधले दाखले दिले. त्यातून बंदी सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि २६ ऑगस्ट २०१६ ला ती उठवली. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला, पण तिथे ऑक्टोबरमध्ये स्वतःच तयार झाला. नोव्हेंबरअखेर बायका पुन्हा आत गेल्या.

लेकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी तू का नाही बोललीस?"

पुढचं गेट-टुगेदर आमच्याकडे आहे.