जॉर्ज स्ट्रीटवरील ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ : परमुलखातील एका लहान उपाहारगृहाचा उदयास्त

लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील जॉर्ज स्ट्रीट ह्या रस्त्यावरील एका इमारतीवर इ. स. २००५ मध्ये एक हिरवी स्मृतिपट्टिका बसविण्यात आली. लंडनमधील पहिले भारतीय उपाहारगृह इ. स. १८१० मध्ये येथे होते आणि शेख दीन महंमद हा त्याचा मालक होता, अशा आशयाचा मजकूर तीवर आहे. ‘पहिला’ हे विशेषण इतिहासाच्या अभ्यासात मोठे मोहक, आणि म्हणूनच काहीसे धोक्याचे असते. ते एकदा लागले की पुढचे प्रश्न विचारण्याची निकड उरत नाही. ज्या उद्योगाचा आपण असा गौरव करतो तो त्याच्या संस्थापकाच्या हाती जेमतेम दोन वर्षे टिकला आणि इ. स. १८१२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, ही गोष्ट त्या गौरवाच्या ओघात मागे पडते. परक्या देशात जाऊन खाण्यापिण्याचे लहानसे दुकान चालविणाऱ्या मनुष्यापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात, हे समजून घ्यावयाचे तर ह्या दिवाळ्याची कारणे तपासणे अधिक उपयुक्त ठरेल. तोच प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दीन महंमदाच्या पूर्वीचे एक उदाहरण येथे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. लंडनमधील पहिले कॉफीगृह इ. स. १६५२ च्या सुमारास कॉर्नहिल भागात उघडले, ते पास्का रोझे नावाच्या एका परकीयानेच. हा लेव्हांटकडील व्यापारी डॅनियल एडवर्ड्स ह्याच्याबरोबर नोकर म्हणून इंग्लंडात आला होता. त्याचा धंदा चालू लागताच शेजारच्या बिअरविक्रेत्यांनी तक्रार केली. आणि ती तक्रार अशी की, हा मनुष्य नगराचा नागरिक नसल्याने त्याला तेथे व्यापार करण्याचा हक्कच नाही. त्यावर उपाय म्हणून नागरिकत्वाचा हक्क असलेल्या एका स्थानिक इंग्रजाला भागीदार करून घेण्यात आले. सतराव्या शतकातील हा प्रसंग पुढील अनेक परकीय दुकानदारांच्या इतिहासाचे बीजरूप होय. पदार्थ लोकांना आवडला, तरी दुकानदाराचा तेथे उभे राहण्याचा अधिकार हा निराळा प्रश्न असतो. दीन महंमदाने आपले दुकान थाटले ते मेरिलबोन भागात, म्हणजे जुन्या ‘सिटी’च्या हद्दीबाहेर. तेथे नागरिकत्वाची अडचण नव्हती. परंतु कंपनीचा व्यापार, तिच्या कचेऱ्या आणि व्यापाऱ्यांची रोजची वर्दळ ही सारी ‘सिटी’तच होती. ह्या अंतराची किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

दीन महंमदाचा जन्म इ. स. १७५९ मध्ये पाटणा येथे झाला. त्याचा पिता ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होता. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी तो गॉडफ्रे बेकर ह्या अधिकाऱ्याच्या आश्रयाने त्याच फौजेबरोबर हिंडू लागला आणि पुढे सुभेदारपदापर्यंत पोहोचला. इ. स. १७८२ मध्ये बेकरपाठोपाठ त्यानेही चाकरी सोडली व इ. स. १७८४ मध्ये तो आयर्लंडमधील कॉर्क येथे येऊन राहिला. तेथे जेन डेली ह्या तरुणीशी त्याने विवाह केला. इ. स. १७९४ मध्ये त्याने आपल्या प्रवासाचे पत्ररूप वृत्त इंग्रजीत प्रसिद्ध केले. भारतीयाने इंग्रजीत लिहून प्रकाशित केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. ह्या पुस्तकाच्या प्रकाशनाची रीत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तीनशेहून अधिक वर्गणीदार आधी मिळवून मगच ते छापण्यात आले. म्हणजे वाचक आधी ठरला आणि खर्च नंतर झाला. पुस्तक न खपण्याची जोखीम लेखकाच्या एकट्याच्या शिरावर नव्हती. उपाहारगृहाच्या धंद्यात नेमका उलटा क्रम असतो. जागेचे भाडे, सामानसुमान, आचाऱ्याचा पगार आणि दारूचा साठा ह्यांचा खर्च आधी करावा लागतो. गिऱ्हाईक मागून येते, किंवा येतही नाही. कॉर्कमधील यशाने जी पत दीन महंमदाला मिळाली होती, ती ह्या दुसऱ्या प्रकारच्या व्यवहारात उपयोगी पडणारी नव्हती.

इ. स. १८०७ च्या सुमारास तो सहकुटुंब लंडनला आला. पोर्टमन स्क्वेअरमध्ये राहणाऱ्या बेसिल कॉक्रेन ह्या धनिकाकडे त्याला काम मिळाले. कॉक्रेनने हिंदुस्थानात आरमाराला माल पुरवून मोठी संपत्ती मिळविली होती आणि आपल्या घरी त्याने बाष्पस्नानाची व्यवस्था केली होती. त्या परिसरात कंपनीच्या चाकरीतून परतलेले अनेक अधिकारी राहत असत. हिंदुस्थानातील खाण्यापिण्याची चटक लागलेली ही मंडळी आपली कायमची गिऱ्हाइके होतील, असा हिशेब करून दीन महंमदाने इ. स. १८१० मध्ये जवळच जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ उघडले. त्या वेळी त्याचे वय पन्नाशी ओलांडून गेले होते.

नावात कॉफी असली तरी हे स्थळ प्रत्यक्षात भोजनगृह आणि मद्यगृह होते. इ. स. १८११ मध्ये वृत्तपत्रात दिलेल्या त्याच्या जाहिरातीत तीन गोष्टींवर भर आहे : अस्सल चिलमीच्या तंबाखूचा हुक्का, इंग्लंडात अन्यत्र न मिळणाऱ्या प्रतीची हिंदी पक्वान्ने, आणि निवडक मद्ये. बसण्यासाठी वेताच्या खुर्च्या व कोच, भिंतींवर पौर्वात्य देखाव्यांची चित्रे, आणि धूम्रपानासाठी स्वतंत्र दालन अशी सजावट होती. ती जाहिरात वाचताना एक गोष्ट लक्षात येते. हिंदुस्थानात राहून आलेल्या सद्‌गृहस्थांना आपल्या आठवणीतील चव येथे पुन्हा मिळेल, असे आश्वासन तीत आहे. ज्यांनी हिंदुस्थान पाहिलाच नाही अशांना खेचून आणण्याची खटपट तीत फारशी दिसत नाही. थोडक्यात, दीन महंमद स्मृती विकीत होता.

हा हिशेब कोठे चुकला? पहिले कारण गिऱ्हाइकांच्या स्वरूपात सापडते. हिंदुस्थानातून धन मिळवून परतलेल्या घरांत पुष्कळदा तिकडून आणलेले नोकर असत आणि करी व भात घरीच शिजत असे. ज्याला हे खाणे प्रिय होते त्याला ते घरबसल्या मिळत होते. ज्याच्या घरी ते शिजत नव्हते त्याला त्याची ओढ नव्हती. दुसरे कारण स्पर्धेचे. करी हा पदार्थ लंडनला सर्वस्वी नवा राहिलेला नव्हता. हॅना ग्लासच्या इ. स. १७४७ च्या पाकपुस्तकात त्याची कृती आली होती, आणि इ. स. १७७३ मध्येच हेमार्केटजवळील एका कॉफीगृहात करी मिळत असल्याची जाहिरात झाली होती. कंपनीशी संबंधित व्यापारी कॉर्नहिलजवळच्या ‘जेरुसलेम कॉफी हाउस’मध्ये जमत. तेथे जहाजांच्या बातम्या मिळत, सौदे होत. मनुष्य त्या ठिकाणी धंद्यासाठी जाई आणि जेवण ही आनुषंगिक बाब असे. जॉर्ज स्ट्रीटवर येण्यासाठी मात्र जेवणाखेरीज दुसरे निमित्त नव्हते.

तिसरे कारण भांडवलाचे. इ. स. १८१५ मध्ये लंडनमधील उपाहारगृहांची माहिती देणारे एक पंचांगवजा पुस्तक निघाले. लोकाश्रय हा सावकाश पण खात्रीने वाढत असतो, तोपर्यंत तग धरण्याइतकी ह्या मालकाची थैली भरलेली नसावी, अशा आशयाचा तर्क त्यात केलेला आढळतो. समकालीन मनुष्याचे हे निदान बरेच मार्मिक आहे. त्याला एका व्यापक परिस्थितीची जोड दिली पाहिजे. नेपोलियनबरोबरच्या युद्धामुळे ब्रिटनचा यूरोपशी होणारा व्यापार अडला होता, आणि इ. स. १८१० च्या उत्तरार्धात तेथे मोठे आर्थिक संकट ओढवून अनेक पेढ्या व व्यापारी बुडाले होते. अशा काळी पुरवठादार उधारी आखडती घेतात. स्थानिक दुकानदाराला आप्त, जातभाई किंवा जुना सावकार तारून नेतो. पाटण्याहून आलेल्या मनुष्याला लंडनमध्ये असा आधार कोठून असणार? परकेपणाचा आर्थिक अर्थ येथे स्पष्ट होतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने परकेपणा हे आकर्षण असू शकते. उधार देणाऱ्याच्या दृष्टीने ती जोखीम असते.

इ. स. १८१२ मध्ये दीन महंमद दिवाळखोर ठरला. तत्कालीन इंग्रज कायद्यात दिवाळखोरीची तरतूद केवळ व्यापाऱ्यांसाठी होती. आपली सारी मिळकत धनकोंच्या स्वाधीन केल्यावर आणि त्यांची संमती मिळाल्यावर ऋणको कर्जमुक्त होऊ शके. दीन महंमदाजवळ उरले ते केवळ हातातले कसब. इ. स. १८१३ च्या एप्रिलमध्ये ‘टाइम्स’ पत्रात त्याने नोकरीसाठी जाहिरात दिली. एखाद्या गृहस्थाच्या घरी बटलर म्हणून किंवा एकट्या सद्‌गृहस्थाचा खाजगी सेवक म्हणून काम हवे आहे. बाजारहाट व स्वयंपाकघराचा कारभार आपल्याला उत्तम येतो. शहर असो वा खेडे, आपली हरकत नाही, असा तिचा आशय आहे. ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’चा माजी चालक अशी आपली ओळख त्याने त्यात दिली आहे. सुभेदार, ग्रंथकार आणि मालक ह्या पायऱ्या चढून गेलेल्या चोपन्न वर्षांच्या मनुष्याने पुन्हा चाकरीचा शोध सुरू केला होता. उलट, ते कॉफीगृह मात्र दुसऱ्या मालकाकडे जाऊन इ. स. १८३३ पर्यंत चालू राहिले, असे नंतरच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. हे खरे मानल्यास, कल्पना टाकाऊ नव्हती, ती रुजण्यास लागणारा काळ संस्थापकाला काढता आला नाही, असाच निष्कर्ष निघतो.

ह्यानंतरचा इतिहास ह्या निष्कर्षाला पूरक आहे. इ. स. १८१४ मध्ये दीन महंमद ब्रायटनला गेला. समुद्रस्नानासाठी प्रसिद्धीस आलेल्या त्या गावी त्याने औषधी बाष्पस्नान आणि अंगमर्दन ह्यांचा धंदा सुरू केला. आपल्या ‘चंपी’ ह्या शब्दाशी नाते सांगणारा ‘शाम्पू’ हा शब्द इंग्रजी समाजात रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम ह्या दोन्ही राजांचा आश्रय त्याला लाभला. इ. स. १८२२ मध्ये ह्या विषयावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने आपला जन्म दहा वर्षे आधी, म्हणजे १७४९ मध्ये, झाल्याचे सांगून वैद्यकीय शिक्षणाचाही उल्लेख आपल्या चरित्रात घुसडला. ह्या लबाडीचा नैतिक निवाडा सोपा आहे. इतिहासकाराला तिच्यामागील व्यापारी शहाणपणही दिसले पाहिजे. ब्रायटनला येणारा मनुष्य संधिवाताने त्रासलेला असे. त्याला हिंदुस्थानची आठवण नको होती, दुखण्यावर उतार हवा होता. गरज तेथे आधीपासूनच होती, आणि ह्या वेळी दीन महंमदाने आपले परकेपण त्या गरजेच्या सेवेला लावले.

ह्याच दृष्टीने नंतरच्या काळातील दोन उदाहरणे पाहता येतील. इराणातील यझ्द व केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईत, आणि पुढे पुण्यातही, लहान उपाहारगृहे काढली. त्यांनी गिऱ्हाइकांपुढे इराणी पक्वान्नांचा थाट मांडला नाही. चहा, पाव-मस्का, ऑम्लेट, खिमा असे गिरणीकामगाराला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला परवडेल ते त्यांनी विकले, आणि दारूबंदीचे निर्बंध सैल झाल्यावर त्यांतील काहींनी बिअर विकण्याचा परवानाही घेतला. त्यांचे परकेपण पाटीवरील ‘इराणी’ ह्या नावात राहिले. ताटात ते क्वचितच उतरले. खुद्द लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर सिल्हेटकडील माजी खलाशांनी मोडकळीला आलेली उपाहारगृहे आणि तळलेल्या माशांची दुकाने घेतली. मासे आणि बटाटे विकणे त्यांनी चालूच ठेवले, जोडीला करी-भात ठेवला, आणि मद्यगृहे बंद झाल्यावर बाहेर पडणाऱ्या भुकेल्या गिऱ्हाइकांसाठी रात्री उशिरापर्यंत दारे उघडी ठेवली.

इ. स. १९२६ मध्ये एडवर्ड पामर ह्याने लंडनमध्ये काढलेले ‘वीरास्वामी’ हे उपाहारगृह ह्या विवेचनाला अपवाद आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तेथे हिंदुस्थानातून परतलेला वर्गच प्रथम येत असे, तरीही ते दीर्घकाळ टिकले. परंतु मधल्या शतकात तो वर्ग संख्येने कितीतरी वाढला होता, आणि १९२४-२५ च्या वेंब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनातील उपाहारगृहाच्या अनुभवानंतर पामर ह्या धंद्यात उतरला होता. दीन महंमदाला ह्यांतील एकही अनुकूलता नव्हती.

तात्पर्य, परमुलखातील लहान उपाहारगृहाच्या इतिहासात ‘काय शिजत होते’ ह्या प्रश्नाइतकेच ‘भाडे कोण भरीत होते, उधार कोण देत होते, आणि गिऱ्हाईक कोणत्या निमित्ताने दारात येत होते’ हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे स्मृतिपट्टिकांवर सापडत नाहीत. ती दिवाळखोरीच्या नोंदींत, करवसुलीच्या वह्यांत आणि नोकरीसाठी दिलेल्या चार ओळींच्या जाहिरातींत विखुरलेली असतात. दीन महंमद इ. स. १८५१ मध्ये ब्रायटन येथे वारला. त्याच्या यशाची साक्ष राजाश्रयाने दिली आहे. त्याच्या अपयशाची साक्ष मात्र त्याने स्वतःच १८१३ च्या त्या जाहिरातीत ठेवली आहे. आणि परकीय दुकानदाराचे जिणे कसे असते हे जाणू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला त्या दोहोंपैकी हीच अधिक मोलाची वाटावी.